जुनी उघडी जिप्सी किंवा थार सांभाळायची असेल तर

पावसाळा तोंडावर आला आणि भंडारदऱ्याच्या काजव्यांचे फोटो फिरू लागले, की नगर जिल्ह्यात एक प्रश्न हमखास कानावर येतो. कापडी हूडची जुनी जिप्सी किंवा थार घ्यावी का? ज्यांच्या दारात अशी गाडी दहा-पंधरा वर्षे उभी आहे त्यांना विचारले तर उत्तरे दोन टोकांची मिळतात. एक म्हणतो, डोळे झाकून घ्या. दुसरा म्हणतो, माझीच घेऊन जा. दोघांचे नीट ऐकून घेतले की फरक कळतो आणि तो गाडीत नसतो. पहिल्याच्या घरी आणखी एक बंद टपाची गाडी असते. दुसऱ्याला त्याच एका गाडीतून आईला दवाखान्यात, मुलांना शाळेत आणि सगळ्या घराला लग्नाला न्यायचे असते. पुढे जे लिहिले आहे ते वाचताना आपण या दोघांपैकी कोण, हे आधी ठरवा.

परदेशात टप उघडणारी चार आसनी मोटार म्हणजे समुद्रकिनाऱ्यावर फिरायची ऐषारामी गाडी. आपल्याकडे ती जागा जीपच्या घराण्याने घेतली. महिंद्राची एमएम-540 आणि मेजर, डिसेंबर 1985 मध्ये आलेली मारुती जिप्सी, 2010 मध्ये आलेली पहिली थार. नगरला या गाड्यांचे वेड थोडे जास्तच आहे आणि त्याला कारण आहे. आर्मर्ड कोअरचे केंद्र आणि शाळा इथे, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र इथे, लष्करी वाहनांची चाचणी घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्था वाहननगरला. टँक म्युझियम बघायला गेलेल्या पोराने वाटेत हिरव्या कापडी हूडची जिप्सी पाहिली नाही, असे इथे सहसा झालेले नाही. त्यामुळे या गाडीवर हात बसलेला मिस्त्री नगर-भिंगारच्या बाजूला शोधावा लागत नाही. जुनी गाडी सांभाळणाऱ्याला याहून मोठी सोय नसते.

घेताना गाडीच्या खाली झोपा

बहुतेक जण इंजिन ऐकून गाडी पसंत करतात. जुन्या मालकांचे म्हणणे याच्या नेमके उलटे आहे आणि मला ते पूर्ण पटते. जिप्सीचे इंजिन ही त्या गाडीतली सगळ्यात कमी काळजीची गोष्ट आहे. सुरुवातीच्या जिप्सीत 970 सीसीचे इंजिन होते. 1996 च्या जिप्सी किंगपासून 1298 सीसीचे आले, ते एस्टीमच्या इंजिनाचे भावंड, आणि 2000 च्या सुमारास त्याला एमपीएफआय मिळाले. ही इंजिने बांधायला जड नाहीत आणि सुटे भाग अजून मिळतात. थारचे अडीच लिटरचे डिझेल इंजिन तर गावोगावच्या मिस्त्र्यांना ओळखीचे आहे. इंजिन पैसे टाकून नवे होते. सडलेली चेसिस आणि कुजलेला पत्रा मात्र पैसे टाकूनही पुरता सुधारत नाही.

म्हणून जुना शर्ट घाला, टॉर्च आणि स्क्रू ड्रायव्हर घ्या आणि गाडीखाली जा. बॉडी जिथे चेसिसवर बसते ती ठिकाणे, पाट्यांचे हँगर, मागच्या चाकांमागचा कोपरा, बॅटरीखालचा पत्रा आणि काचेच्या चौकटीचा खालचा भाग, या प्रत्येक जागी स्क्रू ड्रायव्हरचे टोक दाबून बघा. पत्रा दबला किंवा पोकळ आवाज आला की आत पुट्टी भरली आहे असे समजा. पायाखालचे मॅट उचला. खाली गोणपाटासारखे अस्तर असेल तर तेही उचला. पाऊस आत येतोच आणि हे अस्तर महिनाभर ओले राहते, म्हणून या गाड्यांचा तळ खालून नव्हे, आतून गंजतो. मालकाने अस्तर कधीच काढून टाकलेले दिसले तर त्याला गाडी कळते, एवढे त्यावरून समजावे.

आपल्या जिल्ह्याचा एक फायदा इथे कामी येतो. नगर, पारनेर, कर्जत, जामखेड हा सगळा पर्जन्यछायेचा भाग आहे, हवेत खार नाही. त्यामुळे जन्मभर एमएच-16 किंवा एमएच-17 वर चाललेली गाडी मुंबई-कोकणातून आलेल्या चकचकीत गाडीपेक्षा खालून बहुधा निरोगी निघते. रंग उडालेला असेल, सीट फाटले असेल, तरी तीच घ्या. रंग आणि सीट नवे करता येते. फक्त काळ्या रानातून फिरलेल्या गाडीच्या चेसिसच्या कोपऱ्यांत मातीचे थर बसलेले असतात आणि ते ओल धरून ठेवतात. ते खरवडून काढून बघा आणि घेतल्यावरही दर पावसाळ्यानंतर खालून जोराच्या पाण्याने धुऊन घ्या.

चालवून बघताना साठच्या वेगाला एखाद्या खड्ड्यावरून जाऊ द्या. स्टिअरिंग हातात जोराने थरथरू लागले आणि वेग कमी केल्याशिवाय थांबले नाही, तर पुढच्या किंगपिनच्या बेअरिंगपासून पाट्यांच्या बुशांपर्यंत काहीतरी ढिले आहे. सुटणारा दोष आहे, पण त्याचा खर्च किमतीतून वजा करून घ्या. फोर व्हील लावून मातीत थोडे चालवा आणि काढूनही बघा. वर्षानुवर्षे न वापरल्याने तो दांडा अडकलेला असणे ही नेहमीची गोष्ट आहे. डांबरी कोरड्या रस्त्यावर मात्र फोर व्हील लावू नका. या गाड्यांत पुढच्या-मागच्या धुऱ्यांमध्ये फरक सोसणारी व्यवस्था नसते, वळणावर सगळा ताण गिअरांवर येतो.

हूड

या गाडीशी संसार म्हणजे हूडशी संसार, असे कोणताही जुना मालक सांगेल, आणि जास्तीत जास्त तक्रारीही त्याच्याच. पाणी गळते, वाऱ्याने फडफडते, प्लॅस्टिकच्या खिडक्या पिवळ्या पडतात, चेन अडकते. यातले निम्मे दोष कापडाचे नसून वापरण्याच्या पद्धतीचे असतात.

नगरमध्ये हूडचा खरा शत्रू पाऊस नाही, ऊन आहे. मार्च ते मे उघड्यावर उभ्या राहणाऱ्या गाडीचे कापड कडक होते, शिवण सुटते आणि खिडक्यांना भेगा पडतात. अशी गाडी चार-पाच वर्षांत नवा हूड मागते. तीच गाडी पत्र्याच्या शेडखाली उभी राहिली तर हूड कितीतरी जास्त टिकतो. गाडी घेण्याआधी शेडची सोय करा, मग बाकीचे. घट्ट प्लॅस्टिकचे कव्हर मात्र घालू नका, आत वाफ कोंडते आणि बुरशी येते. गोठ्याशेजारी किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी लावत असाल तर उंदरांचा बंदोबस्त आधी करावा लागेल. हूडचे कापड आणि सीटखालची वायर दोन्ही त्यांना सारखीच आवडतात.

खिडक्या कधीही कोरड्या फडक्याने पुसू नका. ऊस तोडणीच्या हंगामात श्रीरामपूर, नेवासा, राहुरीच्या रस्त्यांवरची धूळ त्यावर बसलेली असते आणि एका पुसण्यात बारीक ओरखडे उमटतात. रात्री समोरून दिवे आले की त्या ओरखड्यांतून काही दिसत नाही. आधी भरपूर पाणी सोडा, मग मऊ सुती कापड. रॉकेल, थिनर, पेट्रोल यांचा हातही लागू देऊ नका. ओला हूड गुंडाळून ठेवू नका आणि भंडारदऱ्याहून भिजून आलात तर रात्री कितीही कंटाळा आला तरी तो उघडून पसरून ठेवा. चेनवर मेणबत्ती घासली की ती सरळ चालते. टिचबटनांना अधूनमधून व्हॅसलीनचे बोट पुरते.

नवा हूड शिवायचा असेल तेव्हा जुना फेकू नका, तोच मापाचा नमुना असतो. कुशनवाल्याला दोरा पॉलिएस्टरचा वापरायला सांगा. सुती दोरा उन्हा-पाण्यात कुजतो आणि चांगले कापड शिवणीतून उसवते. शिवण दुहेरी हवी आणि काचेच्या वरच्या पट्टीत जिथे हूड अडकतो तिथला रबर त्याच वेळी बदलून घ्यावा, कारण चालकाच्या गुडघ्यावर पडणारे पाणी बहुतेक वेळा तिथूनच येते. गाडी घरी आणायच्या आधी हौदाजवळ उभी करून वरून नळी धरा. अकोले तालुक्यात घाटघर-रतनवाडीचा पाऊस लागल्यावर गळती कळण्यापेक्षा ती दारात कळलेली बरी.

आणि आता जी गोष्ट फार थोडे मालक आपणहून सांगतात, ती. हूड वर आहे, बाजू बंद आहेत आणि हवा यावी म्हणून फक्त मागचा पडदा गुंडाळला आहे, अशा स्थितीत लांबचा प्रवास करू नका. गाडीमागे हवेची जी पोकळी तयार होते तिच्यातून सायलेन्सरचा धूर आत ओढला जातो. मागे बसलेल्या घरच्यांचे डोके दुखते, त्यांना मळमळते, आणि सगळे ते गाडी लागली म्हणून सोडून देतात. पुष्कळदा तो धुराचा परिणाम असतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या मुलाला तो कळतही नाही. उघडायचे तर पुढच्या बाजूही उघडा, म्हणजे हवा आरपार जाईल. नाहीतर मागचे बंद ठेवा. सायलेन्सरला भोक असेल तर आधी ते भरा.

मागची जागा

चार जणांची गाडी म्हणून तुम्ही ती घेत असाल तर मागे बसून बघा. तुम्ही नव्हे, घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवा. जिप्सी, मेजर, पहिली थार या सगळ्यांत मागे समोरासमोरची आडवी बाके आहेत. चढायचे मागून किंवा पुढचे सीट वाकवून. गुडघे दुखणाऱ्या माणसाला ते जमत नाही, नऊवारीतल्या आजीला तर नाहीच. पाटे कडक असल्याने खड्ड्याचा हिसका थेट पाठीच्या कण्याला बसतो. ज्यांनी या गाड्या विकल्या त्यांच्यातल्या अनेकांचे कारण इंजिन किंवा पेट्रोल नव्हते. घरच्यांनी मागे बसायला नकार दिला, हे होते.

सोयीपेक्षा मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. आडव्या बाकावर बसलेल्या माणसाचे शरीर समोरच्या धडकेत कशानेही नीट अडत नाही. जुन्या गाड्यांत तिथे धड पट्टे नाहीत, जिप्सीला एअरबॅग नाहीत, एबीएस नाही. 2 ऑक्टोबर 2020 ला नवी थार आली तेव्हा तिच्यात पुढे तोंड करून बसायची मागची सीट मिळाली आणि ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत तिला चार तारे मिळाले. आडव्या बाकाचा प्रकार कंपनीने पुढे बंद केला. ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. लहान मुलांना जुन्या गाडीच्या मागच्या बाकावर बसवून नगर-पुणे किंवा नगर-मनमाड रस्त्याला लागू नका. ही माझी विनंती नाही, आग्रह आहे. गावातून शेतापर्यंत, सावकाश, वेगळी गोष्ट.

मग पुढे तोंड करणारी सीट बसवून घ्यावी का? बरेच जण बसवतात. पण ती नुसत्या पत्र्याला बोल्ट मारून बसवली असेल तर धडकेत सीट माणसासकट पुढे येते. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 च्या निकालात ते ठामपणे सांगितले आहे. मोठे टायर, लोखंडी बंपर, कापलेला पत्रा हे सगळे यात येते. विकत घेताना गाडी जितकी मूळ रूपात असेल तितकी चांगली. मोठ्या टायरची जिप्सी दिसते रुबाबदार, पण आधीच उंच आणि अरुंद असलेली गाडी त्यामुळे वळणावर आणखी डगमगते आणि ब्रेकही कमी पडतो. करंजी किंवा इमामपूरच्या घाटात उतरताना हे जाणवते. तिथे गिअर खालचा ठेवा आणि ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका.

वेगाबद्दल सगळ्या जुन्या मालकांचे एकमत आहे. साठ-सत्तरला ही गाडी खूश असते. ऐंशीच्या पुढे हूड इतका फडफडतो की शेजारच्याशी बोलता येत नाही, आणि लवकरच बोलायची इच्छाही राहत नाही. वेळेत पोचायचे असेल त्या दिवशी दुसरी गाडी काढा.

पेट्रोल आणि इथेनॉल

जुन्या जिप्सीच्या मालकांचा अलीकडचा सगळ्यात मोठा प्रश्न हा आहे. पंपावर आता 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. त्यातले काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या उसाचे असेल. प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला तेव्हापासून ऊस हे इथल्या पुष्कळ घरांचे अर्थकारण आहे, आणि इथेनॉलने शेतकऱ्याला चार पैसे मिळत असतील तर त्याचा आनंदच आहे. पण 1990 च्या दशकातल्या कार्ब्युरेटरच्या जिप्सीचे रबर त्यासाठी बनवलेले नव्हते, हेही खरे.

इथेनॉल दोन गोष्टी करते. जुन्या रबरी नळ्या आणि वॉशर फुगवते, मऊ करते. आणि हवेतली ओल शोषून घेते, त्यामुळे बरेच दिवस उभ्या राहिलेल्या गाडीच्या लोखंडी टाकीत गंज धरतो. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या नळ्यांनी एकदा बदलून घ्या. खर्च फार नाही आणि गळक्या नळीने इंजिनावर पेट्रोल ठिबकणे ही आगीला दिलेली हाक आहे. आत दिसेल असा पारदर्शक फिल्टर बसवा. त्यात तांबूस गाळ दिसला की टाकी उतरवून धुवा. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांश ऊर्जा असते. म्हणून मायलेज थोडे घसरणारच, त्यासाठी मिस्त्रीला दोष देऊ नका. कार्ब्युरेटरची सेटिंग मात्र नव्याने करून घ्या, नाहीतर मिश्रण पातळ होऊन इंजिन तापते. तशी ही गाडी लिटरला आठ ते अकरा किलोमीटरच देते. ज्याला तेवढे परवडत नाही त्याने थारचे डिझेल बघावे.

सगळ्यात साधा उपाय म्हणजे गाडी चालवणे. आठवड्याला अर्धा तास, इंजिन पूर्ण तापेपर्यंत. नुसती उभ्या जागी चालू करून बंद केली तर उलट सायलेन्सरमध्ये पाणी साठते.

कागद

पहिल्या थारांपैकी 2010-11 साली घेतलेल्यांची 15 वर्षे आता भरली आहेत किंवा भरत आहेत, आणि जिप्सी तर बहुतेक त्यापलीकडच्याच. 15 वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण दर पाच वर्षांनी करावे लागते. अर्ज नमुना 25 मध्ये, मुदत संपण्याआधी 60 दिवसांच्या आत करता येतो. गाडी आरटीओत दाखवावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो. चारचाकीची नूतनीकरणाची फी एप्रिल 2022 मध्ये 600 वरून 5,000 रुपये झाली आणि 20 वर्षांपुढच्या गाड्यांसाठी ऑगस्ट 2025 मध्ये 10,000. उशीर केला तर दर महिन्याला 500 रुपये वेगळे. त्यामुळे गाडी घेताना आरसीवरची शेवटची तारीख आधी वाचा. पुष्कळ स्वस्त गाड्या त्या तारखेमुळेच स्वस्त असतात. नंबरप्लेट नव्या प्रकारची आहे का, हेही बघा.

गाडी 50 वर्षांपुढची असेल, म्हणजे एखादी खरी जुनी विलीज जीप, तर 2021 च्या नियमांनुसार विंटेज म्हणून नोंद करता येते. पण मग ती रोज वापरता येत नाही, हे ध्यानात ठेवा.

लष्करातून लिलावात निघालेली जिप्सी आपल्याकडे बरीच विकली जाते. तिला लांबचे रस्ते लागलेले असले तरी देखभाल वेळेवर झालेली असते, त्यामुळे ती वाईट नसते. मात्र लिलावातल्या विक्रीचा कागद, गाडी ताब्यात दिल्याचा कागद आणि आरटीओतली नागरी नोंद या तिन्हींवर एकच इंजिन आणि चेसिस नंबर हवा. स्वतः चेसिसवर ब्रश मारून नंबर वाचा. 'कागद नंतर होतील' असे सांगणाऱ्याकडून घेऊ नका. तशी गाडी रस्त्यावर आणता येत नाही आणि पुढे विकताही येत नाही.

विम्यात तृतीय पक्षाचा तर अनिवार्यच आहे. पूर्ण विमा काढत असाल तर पाच वर्षांपुढच्या गाडीची किंमत कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, ती फोन करून ठरवून घ्या. रबर आणि प्लॅस्टिकच्या भागांवर 50 टक्के घसारा कापतात, तेव्हा हूडचा पूर्ण खर्च विम्यातून निघेल अशी आशा धरू नका. उघड्या गाडीला कुलूप असून नसल्यासारखे असते. सीटखाली लोखंडी पेटी वेल्ड करून घ्या आणि मूळ कागद गाडीत ठेवू नका.

आता शेवटचे. गाडी घ्यायची ठरवलीत तर तिला तिचे दिवस द्या. ऑक्टोबर ते फेब्रुवारीच्या सकाळी नेवाशाकडे किंवा निघोजच्या रांजणखळग्यांकडे हूड काढून निघा, पावसाळ्यात अकोल्याला जा. एप्रिल-मे मध्ये सकाळी दहाच्या आत परत या. कळसूबाई-हरिश्चंद्रगडाचे अभयारण्य हे फोर व्हील आजमावायचे मैदान नाही, तिथे रस्ता सोडू नका, आणि काजव्यांच्या दिवसांत थांबलात की दिवे लगेच बंद करा. घरात दुसरी गाडी असेल, मिस्त्री ओळखीचा असेल आणि शेड असेल तर ही गाडी जरूर घ्या, ती जितका आनंद देते तितका नवी महागडी गाडी देत नाही. यातले एक जरी नसेल तर थांबा. आणि तुमच्या अंगणात आधीच एखादी जिप्सी वर्षभर ताडपत्रीखाली उभी असेल, तर नूतनीकरणाची तारीख यायच्या आत ती चालवायला घ्या किंवा विकून टाका. चालवणारे गिऱ्हाईक आपल्या जिल्ह्यात अजून सहज मिळते.